भिकूच्या घरामागचा गडगा

मी दहा-अकरा वर्षांचा असताना ऐकलेला एक आवाज अजून माझ्या कानात आहे. उमरठच्या बाजूला एका ढासळलेल्या बांधाचं काम होतं. बाबा हातोडीनं एकेक दगड वाजवून बघत होते. दगड नीट बसलेला असला की टण्ण वाजतो, मागे पोकळी असली की बद्द. सात-आठ दगड वाजवून त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि तंबाखूची चंची काढली. तेव्हा बांधाच्या आतून एकदाच आवाज आला. टक्. कुणी बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. मग त्यांनी हत्यारं गोळा केली, माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो. ते काम त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. का, ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तोच आवाज मी दुसऱ्यांदा ऐकला तो गेल्या वर्षी, परदेशात. तिथपासून पुढचं सगळं तुम्हाला सांगतो. गोदूला, म्हणजे माझ्या बायकोला, मी यातलं अर्धंच सांगितलेलं आहे.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. थोडी नाचणी, थोडी वरी, दोन म्हशी, आणि बाकी वेळ गडगे घालायचे. चिखल नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवायचा आणि फटीत चिपा ठोकायच्या. हे काम एकट्याचं नाही. गडग्याला दोन अंगं असतात, एका अंगाला एक माणूस आणि दुसऱ्या अंगाला दुसरा. माझ्या पलीकडच्या अंगाला चाळीस वर्षं भिकू होता. खालच्या वाडीतला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि मी जितका कमी बोलतो तितका तो जास्त.

अलीकडे आम्ही दोघं नाते गावाच्या पुढं, गडाच्या तटाच्या कामावर जात होतो. तिथं देखरेखीला अनुपमा म्हणून पुण्याची मुलगी होती. शिकलेली, पण दगड उचलायला स्वतः हात लावणारी. तिनं एक दिवस सांगितलं, की परदेशात एका शहरात बिनसिमेंटच्या भिंती घालणारी माणसं जगभरातून जमणार आहेत, आठ दिवस काम करून दाखवायचं आहे, आणि इथून दोघांना न्यायचं आहे.

भिकू म्हणाला, "बाय, तिथं दगड नाय काय, आमचं हात न्यायला निघालीस ते?"

ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, आम्ही गेलो. त्या देशाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. शहर मात्र आवडलं. मधून नदी, नदीवर जुना दगडी पूल, घरांची छपरंसुद्धा दगडी चिपांची. शहराबाहेर एका उतारावर आम्ही भिंत घातली. तिथले गवंडी आमच्या कामावरून हात फिरवून बघायचे आणि माना डोलवायचे. जेवण मात्र भिकूला पटलं नाही. "ह्यांचा दगड बरा हाय रे," तो म्हणायचा, "पण हातात मीठ नाय."

काम संपलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी अनुपमानं आम्हाला बाजारात सोडलं. "काका, संध्याकाळपर्यंत फिरा, घरच्यांना काहीतरी घ्या. हरवलात तर पुलाशी येऊन उभे राहा," म्हणाली.

आधी आम्ही पुलावर गेलो. सवयीनं मी कठड्याचा दगड बोटाच्या पेरानं वाजवला. चांगला बसलेला होता. मी हात काढला, आणि आतून उत्तर आलं. टक्.

मी भिकूकडे पाहिलं.

"आत पोकळ असंल," भिकू म्हणाला. पण त्यानं कठड्यावर ठेवलेला हात काढून घेतला.

पुलापलीकडे तांब्याच्या भांड्यांचा बाजार होता. सगळ्या गल्लीत ठोक्यांचा आवाज. दुकानांत पुलाचं चित्र असलेले चुंबकाचे तुकडे, लाकडी पेट्या, लोकरीचे मोजे टांगलेले. भिकूनं सुंदरावयनीसाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी, लाल फुलांचा रुमाल घेतला. बघताना तो दुकानवालीला खुणेनं विचारत होता, डोक्याला कसा बांधतात. तिनं तो सरळ त्याच्याच डोक्याला बांधला. आजूबाजूचे सगळे हसले. भिकू म्हणाला, "रायबा, असाच घरी गेलो तर सुंदरी घरात घ्यायची नाय."

मला गोदूसाठी काही मिळेना. तिचे गुडघे गेलेत. सकाळी तिला दोन्ही हातांनी धरून उठवावं लागतं. तिला रुमाल काय करायचा?

फिरत फिरत आम्ही एका अरुंद गल्लीच्या टोकाला आलो. तिथं एक जुन्या सामानाचं दुकान होतं. दारातच एक हातोडी ठेवलेली, दांडा अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेला. मी ती उचलली. आतून एक म्हातारा आला. त्यानं हातोडीकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. माझे तळवे उलटे करून बघितले आणि मग स्वतःचे पुढे केले. तेच घट्टे, तसाच वाकडा अंगठा. आम्ही दोघंही हसलो.

त्यानं आतून लांब दांड्याचं तांब्याचं एक भांडं आणून माझ्या हातात दिलं. मला वाटलं, गोदूच्या गुडघ्यांना तेल तापवायला छान आहे. मी पैसे काढले, तर त्यानं माझी मूठ मिटवली आणि बाजूला सारली. मग माझ्या खांद्यांना धरून मला उंबऱ्यावर उभं केलं, पाठ उन्हाकडे. दिवस कलला होता. माझी सावली दुकानाच्या फरशीवर आतपर्यंत गेली होती. म्हातारा खाली वाकला, त्याच्या हातात काळ्या-पांढऱ्या लोकरीचा धागा होता. तो माझ्या पायांपासून पुढे धागा सोडत गेला. मग धागा तोडला, टोकाला गाठ मारली, आणि गुंडाळत आत निघून गेला.

"तुझं माप घेतलान रे त्यानं," भिकू मागून म्हणाला. "सदरा शिवतोय काय?"

मी काही विचारलं नाही. इथं माझी चूक झाली, ती कशी झाली ते सांगतो. आमच्यात दगडाचं काम करणारा दुसऱ्या दगडवाल्याच्या घरचा गडगा घालतो तेव्हा मोबदला घेत नाही. काम झालं की जाताना त्या घरातलं काहीतरी आपणहून उचलतो. एखादा भोपळा, विळा, केरसुणी, काहीही. आणि घरधन्यानं काय नेलं ते विचारायचं नसतं. मला वाटलं, जगात सगळीकडे आपल्या कामाची रीत एकच. त्यानं मला भांडं दिलं, त्याला काय हवं ते त्यानं घेतलं. मी खूष होऊन बाहेर पडलो.

ते लोक लवकर जेवतात. सहाच्या सुमाराला आम्ही तिघं जेवायला बसलो. अनुपमानं विचारलं, पूल बघितलात का. मग ती सांगू लागली, "इथं एक जुनी समजूत आहे, काका. भिंत किंवा पूल टिकत नसेल तर गवंडी एखाद्या माणसाच्या सावलीचं माप धाग्यानं घ्यायचे, त्याच्या नकळत. आणि तो धागा पायात पुरायचे. मग बांधकाम पडत नाही. फक्त तो माणूस चाळीस दिवसांत जातो, आणि त्या भिंतीतच राहतो, राखणीला."

"आणि अजून करतात?" मी विचारलं.

"छे हो. गोष्टी आहेत. पण म्हणे मापाचे धागे विकणारेसुद्धा असायचे."

माझा घास हातातच राहिला. मी भिकूकडे पाहिलं. तो ताटात बघत होता. एवढा बोलणारा माणूस, पण त्या जेवणात पुढं एक शब्द बोलला नाही.

खोलीवर आल्यावर तो म्हणाला, "मी जरा पाय मोकळं करून येतो." मी म्हटलं, मीही येतो. तर म्हणाला, "नाय, तू बस." असं त्यानं मला चाळीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. तो आला तेव्हा मी अंथरुणावर पडलो होतो. त्यानं दिवा न लावताच कपडे बदलले. झोपेपर्यंत मला कळत होतं की तो जागा आहे, आणि त्यालाही कळत असणार की मी जागा आहे.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सामान तपासताना त्यांनी भिकूची पिशवी उपसली. रुमाल, चुंबक, पानाचा डबा. आणि काळ्या-पांढऱ्या लोकरीचा छोटा गुंडा, टोकाला गाठ. पोलिसानं तो बोटांत धरून फिरवला आणि परत टाकला.

"हे काय रे?" मी विचारलं.

"धागा," भिकू म्हणाला. "सुंदरीनं सांगितलंवतं. वाकळ शिवायला."

सुंदरावयनीला चार वर्षं सुई दिसत नाही.

घरी आल्यावर मी माप घेतल्याच्या दिवसापासून हिशेब धरून पडवीच्या कट्ट्यावर दिवसाला एक चीप ठेवू लागलो. गोदूनं विचारलं, "हे काय मांडलाव?" मी म्हटलं, असंच. ती म्हणाली, "परदेशात जाऊन यायचं नि दगडच मांडत बसायचं. धन्य हाय तुमची." ती त्या भांड्यात तेल तापवायची आणि मी तिच्या गुडघ्यांना चोळायचो. हात चालत असायचे आणि डोक्यात एकच गोष्ट. भिकूनं माझं माप का आणलं?

ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. ज्या वर्षी पलीकडच्या डोंगराची दरड आली, त्या वर्षापासून भिकूच्या घरामागचा उतार सुटलेला आहे. तिथं त्यानं गडगा घातला, तो पहिल्या श्रावणात पडला. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी घातला, तोही पडला. तिसऱ्या वर्षी पाया कमरेएवढा खोल घेतला, तरी पडला, आणि दगड न्हाणीपर्यंत आले. घरात त्याची सून, नातवंडं. लोक चेष्टा करायचे, की गडाचा तट सांधणाऱ्याला स्वतःचा गडगा उभा करता येत नाही. भिकू हसण्यावारी न्यायचा, पण पावसाळ्यात तो रात्र रात्र मागच्या दारात बसलेला असायचा, हे मला वयनीनं सांगितलं होतं. आणि या वर्षी तो चौथ्यांदा पाया खणत होता.

आता तुम्हीच सांगा, मी दुसरं काय समजायचं होतं?

नवव्या दिवशी माझा पाय घसरला आणि मी बांधावरून खाली आलो. लागलं नाही. पण भिकूला कळलं आणि तो धावत आला. माझे पाय चाचपून बघितले. त्यानंतर तो रोज येऊ लागला. "बरा हायस ना?" "खोकला कसला रे हा?" गडाच्या कामावर मला परांचीवर चढू देईना. "तू खाली थांब, मी बघतो." गोदू म्हणायची, भाऊ करणार नाही एवढं करतो. मला वाटायचं, देवाला नेण्याआधी बोकडाला असंच जपतात. त्याला कुत्रं चावू देत नाहीत, उन्हात ठेवत नाहीत.

विसाव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. मी वयनीला सहज विचारलं, "भिकूनं तिकडनं धागा आणला, तो बघू जरा."

"कसला धागा, भावोजी?" ती म्हणाली. "मला रुमाल आणलानी. म्हातारपणात लाल फुलांचा. धागा नाय आणला."

मग मी नीट नजर ठेवायला लागलो. धागा त्याच्या कमरेच्या फडक्यात असायचा. वाकला की त्याचा हात आधी तिथं जायचा, आहे ना बघायला. जेवताना तो फडकं सोडून बाजूला ठेवायचा नाही. मी पलीकडे बघतोय असं दाखवायचो आणि त्याचा हात बघायचो. एकदा आमची नजर भेटली. तो हसला. मीही हसलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे बघून खोटं हसलो असू.

तिसाव्या दिवशी त्यानं पाया भरायला घेतला. मला बोलवायला स्वतः आला. "पायाचा दगड तुझ्या हातनं बसला पायजे," म्हणाला.

मी गेलो. न जाऊन काय करणार होतो? गोदू दारात बसली होती. मी मेलो तर तिला सकाळी उठवणार कोण, एवढंच माझ्या मनात येत होतं. आमची एकच मुलगी, ती सुरतेकडे दिली. माझा जीव मला फार प्यारा होता असं नाही. पण गोदूला जमिनीवर बसून राहावं लागेल, कुणी येईपर्यंत, हे मला बघवत नव्हतं.

दुपार उलटली होती. चर खणून तयार होता. भिकू चराच्या काठावर उभा राहून मोठा दगड कुठून सरकवायचा ते बघत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याची सावली माझ्या पायाशी येऊन पडली होती. त्याचा हात कमरेच्या फडक्याकडे गेला. मला वाटलं, आता. आता काढील आणि टाकील.

माझ्या हातात माझी ओळंब्याची दोरी होती. मी खाली बसलो. त्याच्या टाचेपासून सावलीच्या डोक्यापर्यंत दोरी लावली. पाच हात भरली. विळ्यानं तोडली, टोकाला गाठ मारली, आणि चरात टाकून वर माती लोटली. एवढं करायला मला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. गाठ पक्की मारली होती, हे मात्र आठवतं.

भिकू वळला. त्याचा हात रिकामाच होता. त्यानं फक्त फडकं घट्ट केलं होतं.

"दोरी तोडलीस काय रे?" त्यानं विचारलं.

"गाठ पडलीवती," मी म्हटलं.

मग आम्ही दोघांनी मिळून तो पायाचा दगड उचलला. एकट्यानं हलणारा नव्हता तो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भिकू. "सांभाळ रे, बोट जाईल," तो म्हणाला. दगड बसला. इतका नीट बसला की एक चीपसुद्धा लागली नाही.

गडगा आठ दिवसांत उभा राहिला. असा गडगा आमच्या हातून कधी झाला नव्हता. दगड हातात घ्यावा आणि त्याला त्याची जागा आपोआप सापडावी. मात्र शेवटचे दोन दिवस भिकू पलीकडच्या अंगाला बसून बसून काम करत होता. दगड उचलताना धापा टाकत होता. "वय झालं रायबा," म्हणायचा. मला रात्री झोप लागू लागली होती. ते मी तुमच्यापासून लपवत नाही.

काम झालं त्या दिवशी वयनीनं पेज वाढली. भिकू भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "रीतीपरमानं रायबानं आमच्या घरातलं कायतरी नेलंच असंल. काय नेलान ते अजून दिसलं नाय."

"विचारू नये तुमी," वयनी म्हणाली.

"विचारतोय कुठं?" भिकू म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

पुढच्या दिवशी, म्हणजे एकोणचाळिसाव्या, मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी अनुपमा आली. पोलादपूरला काही काम होतं, तिथून वर चढून आली होती. परदेशातले फोटो कागदावर काढून आणले होते. पुलावर मी आणि भिकू, भिकूच्या डोक्याला रुमाल. गोदू ते बघून खूप हसली.

गोदू चहा टाकायला आत गेल्यावर अनुपमा हळू आवाजात म्हणाली, "रायबाकाका, भिकूकाकांनी तुम्हाला तो धागा दिला का?"

मी हातातले फोटो खाली ठेवले.

"मला सांगू नको म्हणाले होते. पण चाळीस दिवस होऊन गेले असतील, म्हणून विचारते. त्या संध्याकाळी ते मला घेऊन त्या दुकानात गेले होते. त्यांना भाषा येत नव्हती ना. तुमचा धागा परत मागत होते. दुकानदार म्हणाला, देतो, पण एक दिलं तर एक घ्यावं लागतं. मी म्हटलं, काका, चला, ह्या सगळ्या गोष्टी आहेत. तर ते म्हणाले, गोष्ट असली तर माझं काय जातंय..." ती थांबली. "दुकानात दिवा होता, त्याच्यासमोर ते जाऊन उभे राहिले. भिंतीवर केवढी सावली पडली होती त्यांची. म्हाताऱ्यानं स्टूल घेऊन माप घेतलं. मला ते बघून कसंतरीच झालं, काका."

"का केलान त्यानं असं?" मी विचारलं.

"मीही विचारलं. म्हणाले, माझ्या सुंदरीला पोरं हायत. रायबा गेला तर गोदूला सकाळी उठवणार कोण? आणि म्हणाले, धागा आत्ताच रायबाला दिला तर तो उलटा जाऊन स्वतःची सावली देऊन येईल. चाळीस दिवस मी सांभाळतो, मग देतो."

मी उठलो. चहा न घेता निघालो. गोदू मागून काहीतरी विचारत होती. कट्ट्यावर चाळीस चिपा होत्या.

खालच्या वाडीत पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सुंदरावयनी दारातच भेटली. "हळू बोला, भावोजी. ते निजलेत. सकाळपासनं अंग उचललं नाय. बोलवलं तर हूं म्हणतात."

"निजू दे," मी म्हटलं आणि घराला वळसा घालून मागे गेलो.

मी गडगा उतरवायला लागलो. घालण्यापेक्षा उतरवणं सोपं असतं, पण तो गडगा सुटत नव्हता. चिपा जणू वर्षानुवर्षांच्या असाव्यात अशा बसल्या होत्या. पाया भरून दहाच दिवस झाले होते आणि दगडांवर शेवाळ होतं. नखं फुटली. पहार घातली, तेव्हा कुठे एक अंग खाली आलं. मग मधला भराव. मग पायाचा दगड. पहारेवर सगळं अंग टाकून मी तो चार बोटं उचलला, खाली चीप सारली, आणि हात आत घातला.

दोरीचं टोक हाताला लागलं. गाठ लागली. मी ओढू लागलो.

एक हात आली. दोन हात. मातीनं थंडगार झालेली. पाच हात मी स्वतः तोडली होती, माझ्या हिशेबात चूक होत नाही. पाच हात झाले, आणि दोरी येतच राहिली. सहा. सात. दोरी माझीच होती, तोच पीळ, तोच मेणाचा वास. नऊ हात झाले आणि ती अडकली. दुसरं टोक आत कुठेतरी घट्ट होतं. मी ओढलं, तर पलीकडून कुणीतरी धरून ठेवावं तशी ती ताणली गेली.

समोर कुणीतरी उभं असल्याचं मला जाणवलं. वर बघितलं तर भिकू. ढासळलेल्या गडग्याच्या पलीकडच्या अंगाला, जिथं तो नेहमी असायचा तिथं. फडकं सोडलेलं. त्यानं वाकून काळ्या-पांढऱ्या धाग्याचा गुंडा माझ्यासमोरच्या दगडावर ठेवला. मग त्याची नजर माझ्या हातातल्या दोरीवर गेली. माझ्या ओळंब्याची दोरी तो चाळीस वर्षं ओळखत होता. त्यानं दोरी बघितली, गाठ बघितली, उघडा पडलेला पाया बघितला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"भिकू," मी म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं रे... मला वाटलं, तू..."

घराच्या आतून सुंदरावयनीचा आवाज येत होता. ती कुणाला तरी समजावत होती. "उठा जरा... दोन घोट पेज घ्या... असं भिंतीकडं तोंड करून काय निजलाव..."

भिकूनंही तो आवाज ऐकला असावा. त्यानं घराकडे मान वळवली नाही. तो वळला आणि उताराकडे चालू लागला, जिथं वाट नाही तिथून. धापा टाकत नव्हता. त्याच्या एकेका पावलाबरोबर दोरी माझ्या मुठीतून सरकत होती, हात हात करून, परत त्या दगडाखाली. मी मूठ आवळली, तळवा सोलला, तरी ती सरकत होती. मी त्याला दोनदा हाक मारली. तो थांबला नाही, मागे बघितलं नाही, आणि वर झाडीत निघून गेला.